मातीस-रेन्वाचा तांब्यावरचा एनॅमल ब्रोच: टवका उडालाय, दुरुस्त करावा की तसाच ठेवावा?

केतकी_सॅनहोजे

नमस्कार मंडळी. १९५०-६० च्या काळातल्या अमेरिकी एनॅमल दागिन्यांची पारख असलेल्यांकडून सल्ला हवा आहे. तीन नग आहेत, वर्णन शक्य तितकं नेमकं देते.

पहिला, मेपलच्या पानाचा ब्रोच. तांबं, वर लाल एनॅमल, त्यात काळे-केशरी ठिपके. हाताला ते किंचित उंच लागतात. लांबी साधारण ६ सेंमी. मागे वळणदार अक्षरात ‘मातीस’ असा ठसा आहे, वर्तुळातला सी (©, कॉपीराइटची खूण) नाही. पानाच्या एका टोकाला ३ मिमीचा टवका उडालाय आणि आत तांबं दिसतं. पिनेच्या बिजागरीत हिरवा कळंक आहे.

दुसरा, त्याच घाटाची क्लिपची कानातली. ठसा तोच, पण सोबत वर्तुळातला सी आहे. एक क्लिप ढिली आहे.

तिसरा, ट्रिफारी या अमेरिकी दागिन्यांच्या कंपनीचं पांढरं फूल. ठशात मुकुट आणि वर्तुळातला सी आहे. पांढरा रंग दोन पाकळ्यांवर पिवळट झालाय, एका पाकळीच्या कडेचा पोपडा सुटलाय आणि खाली सोनेरी धातू दिसतो.

प्रश्न असे: ब्रोच आणि कानातली मुळात एकाच सेटची असतील का? स्वच्छ कशाने करू? टवक्यावर भट्टीत पुन्हा एनॅमल चढवून घेता येईल का? डिसेंबरात भारतात येणार आहे, तिथे मीनाकाराकडे काम द्यावं असा विचार आहे.

---

भिंग_आणि_चिमटा

आधी ओळख आणि काळ, कारण सेटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

रेन्वा ऑफ कॅलिफोर्निया ही लॉस एंजेलिसची कंपनी, १९४६ मध्ये जेरी फेल्स यांनी सुरू केलेली. सुरुवातीचं काम नुसत्या तांब्याचं: वळ्या, पट्ट्या, यंत्राच्या भागांसारखे आकार. १९५२ पासून तांब्यावर एनॅमल चढवलेले दागिने ‘मातीस’ या वेगळ्या नावाने यायला लागले. १९६४ मध्ये उत्पादन थांबलं. पुढे फेल्स आणि कर्टिस फ्रायलर या जोडीने भिंतीवरची धातुशिल्पं केली, ती ‘सी. जेरे’ या सहीने विकली जातात. म्हणजे ‘मातीस’ ठशाचा कुठलाही अस्सल नग १९५२ ते १९६४ या बारा वर्षांतलाच. मातीस आणि रेन्वा या दोन फ्रेंच चित्रकारांचा या दागिन्यांशी नावापलीकडे संबंध नाही. विक्रीच्या जाहिरातीत तसं सुचवलं असेल तर विक्रेत्याला माल कळत नाही असं समजा आणि बाकीचं वर्णनही दोनदा तपासा.

आता वर्तुळातला सी. १९५५ पर्यंत अमेरिकेत कॉस्च्युम ज्वेलरीवाले (खऱ्या सोन्या-रत्नांऐवजी साध्या धातूचे फॅशनचे दागिने करणारे) आपल्या डिझाइनसाठी मुख्यतः पेटंटवर अवलंबून असायचे, म्हणून जुन्या नगांवर ‘पेटंट प्रलंबित’ अशा अर्थाचा छोटा ठसा दिसतो. १९५५ मध्ये ट्रिफारीने शॅरेल नावाच्या कंपनीविरुद्धचा खटला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात जिंकला आणि असे दागिनेही कलाकृती म्हणून कॉपीराइटला पात्र आहेत हे ठरलं. त्यानंतर वर्तुळातला सी सगळीकडे दिसू लागला. त्यामुळे तुमची कानातली बहुधा १९५५ नंतरची, ब्रोच कदाचित त्याआधीचा.

पण एवढ्यावर ‘सेट जुळवलेला आहे’ असं म्हणू नका. एखादं डिझाइन वर्षानुवर्षं चालू राहायचं, आणि ठसा अर्धवट उमटणं ही रोजची गोष्ट. दोन्ही नग एकाच उजेडात, दिवसा, खिडकीशी शेजारी ठेवा आणि १० पटीच्या भिंगातून तीन गोष्टी बघा. लाल रंगाची मूळ छटा सारखी आहे का. ठिपक्यांचा आकार आणि दाटी सारखी आहे का. ते ठिपके म्हणजे जाडसर काचेचे कण, ते हाताने टाकलेले असतात, त्यामुळे जागा वेगळी असणार पण कणांची जात एक हवी. तिसरं, मागच्या तांब्याचा रंग आणि लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, थर. एक बाजू मधाळ तपकिरी आणि दुसरी गुलाबी-चकचकीत असेल तर एक नग कुणीतरी नंतर घासलेला आहे. विकताना ‘सेट’ न म्हणता ‘जुळणारी कानातली’ म्हणा, ते प्रामाणिक आहे.

---

तांबट_आळी

ओळखीचं भिंगवाल्यांनी नीट सांगितलं. मी पदार्थाबद्दल लिहितो, कारण केतकीताई, तुमच्या पहिल्या दोन नगांवरचं एनॅमल आणि ट्रिफारीवरचं एनॅमल या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. दोघांना एकच उपाय केलात तर एक नक्की जाईल.

मातीसवर खरी काच आहे. काचेची पूड तांब्यावर चाळून ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत दोन-तीन मिनिटं वितळवलेली. ट्रिफारीच्या फुलाखाली ओतीव मिश्रधातू आहे, त्याला हे तापमान सोसणंच शक्य नाही, तो त्याच्या कितीतरी आधी वितळून जाईल. त्यामुळे तिथलं ‘एनॅमल’ म्हणजे रंग किंवा राळेचा थर, फार तर मंद आचेवर भाजलेला. त्या काळातल्या ओतीव कॉस्च्युम ज्वेलरीवरचं बहुतेक एनॅमल असंच आहे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्याचे नियम वेगळे.

भिंगातून टवका बघितला की फरक कळतो. काचेचा टवका शंखाच्या आतल्या बाजूसारखा खोलगट, चकचकीत, कडा धारदार. रंगाचा पोपडा चपटा, कड मऊ, कधी कड उचललेली. रंगात बारीक बुडबुडे आणि धातूच्या कडेला चढलेली गोलाई दिसते. गरम सुई टोचून किंवा टोकदार वस्तूने ओरखडून तपासू नका, तपासणीत नगच खराब होतो.

टवका उडतो का? तांबं थंड होताना काचेपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे काच दाबाखाली राहते. दाब काचेला चांगला सोसतो, ताण मुळीच नाही. ब्रोच पडला, किंवा वाकलेलं पान कुणी बोटांनी सरळ करायला गेलं, की वरच्या बाजूला ताण येतो आणि काच उडते. कडेला थर सगळ्यात पातळ असतो म्हणून सुरुवात टोकांपासून होते. म्हणून पहिला नियम: वाकलेला एनॅमलचा नग कधीही सरळ करू नये. वाकलेला आणि अखंड, हा सरळ आणि तडकलेल्यापेक्षा केव्हाही बरा.

आता स्वच्छता, मातीसची.

चिंच, लिंबू-मीठ, व्हिनेगर, पितांबरी, चांदी बुडवून उजळायचं द्रावण, अमोनिया असलेला काच-क्लीनर यांतलं काहीही नको. रेन्वाच्या तांब्यावर काळवंडू नये म्हणून लॅकर दिलेलं असतं. आम्ल ते ठिकठिकाणी खातं, मग तांबं डागाडागांनी काळं पडतं आणि ते परत एकसारखं करता येत नाही. शिवाय त्या काळच्या बऱ्याच एनॅमलमध्ये शिसं असायचं. अशी काच आम्लाने निस्तेज होते, आणि ती झळाळी भट्टीशिवाय परत येत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्र तर नाहीच. आधीची केसासारखी चीर त्या कंपनाने टवक्यात बदलते.

क्रम असा ठेवा. टेबलावर जाड टॉवेल अंथरा. मऊ केसांच्या कोरड्या कुंचल्याने धूळ काढा, पुढून आणि मागून. मग डिस्टिल्ड पाण्याच्या एका कपात सौम्य, बिनवासाच्या साबणाचा एक थेंब. कापसाचा बोळा त्यात भिजवून पिळून घ्या, तो ओलसर हवा, ठिबकता नको. काचेवरून गोल न फिरवता एका दिशेने पुसा, बोळा सारखा बदला. लगेच साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या बोळ्याने पुसून सुती कापडाने टिपून घ्या. टवक्याजवळ आणि चिरेजवळ पाणी अजिबात नेऊ नका. तिथून ते काचेखाली शिरतं, तांबं आत कळकतं आणि काच आतून उचलली जाते. नग पाण्यात बुडवायचा नाही तो याच कारणासाठी. वाळवायला गरम हेअर ड्रायर नको, पंख्याखाली तासभर ठेवा.

बिजागरीतला कळंक कोरडाच काढा. बांबूची टूथपिक तिरकी कापून तासणीसारखी करा, भिंगाखाली थोडाथोडा खरवडा, नाकावर मास्क असू द्या, आणि पूड फुंकू नका, ओल्या टिश्यूने टिपा. पोलादी सुई वापरली की लॅकरवर ओरखडा आलाच. कळंक निघाल्यावर बिजागरीपुरतं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाने लावा. पण आधी मागच्या एखाद्या कोपऱ्यात चाचणी घ्या: कापसाला पिवळसर चिकटपणा आला तर अल्कोहोल लॅकर विरघळवतंय, लगेच थांबा. शेवटी तांब्याच्या भागावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसून काढायचा. मेण काचेच्या खडबडीत ठिपक्यांत जाऊ देऊ नका, तिथे ते पांढरं दिसतं.

---

सोनारकट्टा_नाशिक

टवक्यासाठी भट्टीचा विचार जरूर करावा असं मला वाटतं. तांब्यावर एनॅमल पुन्हा चढवता येतं, तंत्र माहीत असलेला कारागीर ३ मिमीचा टवका बेमालूम भरू शकतो. लाल अपारदर्शक आहे ना? मग काम तुलनेने सोपं. आधी मागची पिन आणि बिजागरी उतरवायची, नग पूर्ण निर्मळ करायचा, टवक्यात ओली पूड भरायची, वाळवून भट्टी द्यायची, कार्बोरंडमच्या (घासायच्या) दगडाने समपातळीत घासायचं, मग पुन्हा एक छोटी भट्टी देऊन झळाळी आणायची. अंगावर वापरायचाच नग असेल तर हा कायमचा इलाज आहे.

---

तांबट_आळी

तंत्र म्हणून तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, नव्या कामात असंच करतात. या नगावर मात्र मी कडाडून विरोध करीन, आणि कारणं सगळी व्यवहाराची आहेत.

एक, डाख, म्हणजे धातूचा जोड (सोल्डर). पिन कुठल्या डाखाने बसवलीय हे बाहेरून कळत नाही. मऊ डाख असेल तर ती २०० अंशांच्या आसपासच सुटते, आणि तिचे अवशेष तांब्यावर राहिले तर भट्टीत त्यातलं शिसं आणि कथील तांब्यात शिरून भोकं पाडतात. पिन उतरवणं म्हणजे ठशाशेजारी उष्णता आणि कानस. ठसा पुसट झाला की या नगाची निम्मी ओळख गेली.

दोन, लॅकर जळणार आणि उघड्या तांब्यावर काळी खपली धरणार. ती काढायला आम्लात घालावं लागेल. म्हणजे मूळ तपकिरी पाठ गेली, नवं गुलाबी तांबं आलं.

तीन, साठ-सत्तर वर्षांचा घाम, तेल, मेण चिरांमध्ये मुरलेलं असतं. भट्टीत त्याचे बुडबुडे आणि राखाडी रेषा होतात. बाहेरून न दिसणारी चीर भट्टीनंतर दिसायला लागते.

चार, रंग. लाल हा एनॅमलमधला सगळ्यात लहरी रंग आहे. जास्त आच लागली की तो तपकिरीकडे झुकतो. टवका भरताना आजूबाजूचं सगळं लाल पुन्हा भट्टीत जातं, त्यामुळे तीन मिलिमीटरसाठी सहा सेंटिमीटर पणाला लागतात. आणि आजची पूड त्या जुन्या पुडीइतकीच आकसेल याची खात्री नाही. नाही आकसली तर सहा महिन्यांनी टवका आपोआप उडून पडतो, या वेळी मोठा.

मीनाकारांच्या कसबाबद्दल शंका नाही. जयपूरचं चांगलं काम सोन्या-चांदीवर, खाचा कोरून त्यांत रंग भरण्याचं असतं. इथे सपाट तांब्यावर चाळलेली काच आहे, दुसऱ्या घडणीची. कारागिराला नवा नग करायला द्या, हा नको.

मग टवक्याचं काय? माझं मत: ३ मिमी, टोकाला, चीर पुढे सरकत नसेल तर तसाच ठेवा आणि उघड्या तांब्यावर फक्त मेण लावा. डोळ्यांना खुपत असेल तर उलट करता येणारी भर घाला. संग्रहालयाचे संवर्धक वापरतात ती पॅरालॉइड बी-७२ राळ घ्या. ५० मिली ॲसिटोनमध्ये १० ग्रॅम दाणे, जाळीच्या पुरचुंडीत बांधून झाकणाच्या काचेच्या बाटलीत रात्रभर टांगून ठेवा. तळाला टाकले तर गोळा होऊन बसतात. या पातळ द्रावणाचा एक थेंब टवक्यात सोडा, तो सैल कडा धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याच द्रावणात चित्रकाराचं कोरडं लाल रंगद्रव्य कालवा. कॅडमियमचं असेल तर मास्क हवाच. सगळ्यात बारीक कुंचल्याच्या टोकाने भरा. ॲसिटोन उडालं की भर खाली बसते, म्हणून तीन-चार थर लागतील, प्रत्येकाला एक दिवस. काचेला ॲसिटोन काही करत नाही, पण शेजारच्या तांब्यावरचं लॅकर क्षणात विरघळवतं, त्यामुळे कुंचला भरगच्च घेऊ नका. पुढे कधीही ही भर ॲसिटोनच्या बोळ्याने निघून येते. मर्यादा एकच: ही राळ ४० अंशांजवळ मऊ पडायला लागते. उन्हात उभ्या गाडीत ब्रोच ठेवायचा नाही.

---

पांढरी_जुई

ट्रिफारीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून.

मुकुट आणि वर्तुळातला सी म्हणजे १९५५ च्या पुढचं काम, आणि मुकुट साधारण १९६० च्या दशकाअखेरपर्यंतच चालतो. धातू बहुधा ट्रायफेनियम, हा त्यांनी युद्धानंतर १९४७ मध्ये आणलेला मिश्रधातू. युद्धकाळात कथिलावर निर्बंध आले तेव्हा ट्रिफारीने काही वर्षं चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन काम केलं होतं, ते नग वेगळे ओळखू येतात, मागे ‘स्टर्लिंग’ असतं.

पांढरं पिवळट पडलंय ते दोन कारणांनी असू शकतं. वरचा मळ, अत्तर, मेकअप यांचा थर असेल तर साबणाच्या ओलसर बोळ्याने फरक पडेल, एका कोपऱ्यात करून बघा. रंगच आतून पिवळा झाला असेल तर तो निघत नाही. मग ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, टूथपेस्ट, मॅजिक इरेझर हे प्रयोग करू नका. पेस्ट आणि इरेझर दोन्ही घासून वरची झळाळी नेतात, आणि पेरॉक्साइड कडेतून खाली शिरून मुलामा डागाळतं. पिवळटपणा वयाचा आहे, पांढऱ्या ट्रिफारीत तो सर्रास असतो, आणि जाणते संग्राहक तो खपवून घेतात. नेलपॉलिशने केलेली दुरुस्ती मात्र खपवून घेत नाहीत.

इथे ॲसिटोन पूर्ण वर्ज्य, आणि नेलपॉलिशही त्याच कारणाने वर्ज्य. त्यातला द्रावक जुन्या रंगाची कड मऊ करतो, काठ सुरकुततो आणि पोपडा वाढतो. सुटलेली कड बसवायची असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या. नुसता पांढरा नको, चिमूटभर पिवळी माती (यलो ऑकर रंग) आणि कणभर राखाडी मिसळून पाकळीच्या आजच्या रंगाशी जुळवा, वाळल्यावर तो थोडा गडद होतो हे धरून. धातूच्या सोनेरी कडेवर रंग चढू देऊ नका. चढला तर ओला असतानाच बांबूच्या काडीने काढा. फॅक्टरीत कडा स्वच्छ असतात, घरच्या दुरुस्तीत रंग कडेवर ओघळलेला असतो. दुरुस्ती पकडली जाते ती तिथेच.

विकत घेताना हीच गोष्ट उलट वापरा. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारा. नंतर लावलेला रंग किंवा राळ मूळ थराच्या शेजारी विजोड चमकते, डाग ठळक दिसतो. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला फोटो, पाठीचा फोटो आणि ठशाचा जवळून फोटो, हे तीन मागा. समोरून पडणाऱ्या फ्लॅशच्या फोटोत केसासारखी चीर दिसतच नाही.

---

दादर_पश्चिम

साठवणुकीबद्दल थोडं, विशेषतः हे नग पुढे मुंबईला किंवा कोकणात येणार असतील तर. पावसाळ्यात इथली हवा तांब्याची वैरी आहे. प्रत्येक नग वेगळा, आम्लरहित टिश्यूत गुंडाळून, पॉलिइथिलीनच्या झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह. रंग बदलणारं जेल घ्या म्हणजे कधी वाळवायचं ते कळतं. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पारदर्शक पिशव्या नकोत, त्यातून निघणारं आम्ल तांबं हिरवं करतं. रबरबँड, लोकर, फेल्ट यांत गंधक असू शकतं, तेही दूर. दोन एनॅमलचे नग एका कप्प्यात कधीच नको, काच काचेला ओरखडते. प्रवासात हातातल्या सामानात, कडक डबीत.

---

केतकी_सॅनहोजे

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रोच भट्टीत जाणार नाही हे ठरलं. टवका भरायचा की नाही ते स्वच्छ केल्यावर बघते. भिंगातून पाहिलं: कानातल्यांतले ठिपके ब्रोचपेक्षा बारीक आहेत आणि लाल थोडं केशरीकडे झुकतं, म्हणजे वेगळ्या वेळची असावीत. ढिल्या क्लिपचं मात्र राहिलं. ती घरी घट्ट करता येईल का?

---

भिंग_आणि_चिमटा

करता येईल, जोर कुठे पडतो तेवढं सांभाळलं की झालं. एनॅमलचं पान बोटांत धरून क्लिप दाबली तर सगळा जोर काचेखालच्या तांब्यावर जातो, ते लवतं आणि काच उडते. म्हणून पान हातात धरायचंच नाही.

दोन चपट्या तोंडाच्या लहान पकडी घ्या, दातरे नसलेल्या, तोंडाला पातळ चामडं किंवा कापडी चिकटपट्टी. क्लिप पूर्ण उघडा. एका पकडीने पाठीवरची बिजागरी, म्हणजे क्लिप ज्या दोन कानांत फिरते ते कान धरा. पान हवेत मोकळं राहू दे, खाली टॉवेल. दुसऱ्या पकडीने क्लिपचं पातं बिजागरीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर धरून पानाच्या दिशेने अगदी किंचित वाकवा. बंद करून दोन पदरी जाड कागदावर लावून बघा. कागद हलके ओढल्यावर सरकू नये, पण त्यावर खोल वळही उमटू नये. पुरेसं नसेल तर आणखी एकदा, तेवढंच. तेच पातं पुन्हा पुन्हा पुढे-मागे वाकवलं की धातू कडक होऊन तुटतो, म्हणून दुसऱ्यांदाही जमलं नाही तर थांबा.

क्लिप उघडी ठेवल्यावर स्वतःहून लोंबत असेल, टक् असा आवाज करून बसत नसेल, तर पात्यात दोष नाही, बिजागरीचे कान फाकले आहेत. तेव्हा पातं न वाकवता ते दोन कान बाजूंनी पकडीने हलके दाबा. दाबताना पकड पाठीच्या तांब्याला टेकू देऊ नका.